चंडोलच्या भिंतीचा रंग

सोमवार, ३

फुस्स्... टक्.

पहाटे या आवाजाने जाग आली. आवाज बाहेरचा नव्हता, पन्नास वर्षांपूर्वीचा होता. 'चंडोल' यानाचं दार उघडलं की तो यायचा. 'ध्रुवापलीकडे' ही मालिका पाहणाऱ्यांना वाटायचं, केवढं मोठं यंत्र असेल ते! यंत्र कसलं? प्लायवुडच्या भिंतीमागे आमची रंगकाम करणारी पोरगी बसलेली असायची. सगळ्यांत लहान, म्हणून तिला आम्ही धाकटी म्हणायचो. ती सायकलचा पंप दाबायची आणि लगेच रंगाच्या डब्यावर झाकण आपटायची. दार दोरीने ओढायचो मी. माणसं मोजकी आणि कामं ढीगभर, त्यामुळे प्रत्येकाला दोन-दोन नोकऱ्या.

माझी खरी नोकरी कंटिन्युइटीची. आधीच्या शॉटमध्ये कप्तानाच्या उजव्या हातात पेला असेल, तर जेवणाच्या सुट्टीनंतरही तो उजव्याच हातात हवा आणि तेवढाच भरलेला हवा. हे डोळ्यांत तेल घालून पाहणारा माणूस मी होतो. मालिका कृष्णधवल. पडद्यावर कुठला राखाडी किती गडद येईल, हे मी सेटवर नुसतं पाहून सांगायचो. कॅमेरामन थक्क व्हायचे. त्यांनीच मला 'राखाडीराव' नाव पाडलं. मला ते पदवीसारखं वाटायचं.

एवढी आठवण आज यायला कारण घडलं. मालिकेचा नवा भाग काढताहेत. तेच यान, तेच दिवस, पण आता रंगीत. त्यांच्या कला-दिग्दर्शक बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "आजोबा, नियंत्रणकक्षाच्या भिंतीचा खरा रंग सांगू शकेल असं तुमच्याशिवाय कुणी उरलेलं नाही."

मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, "हिरवा. फिकट हिरवा. वाळत चाललेल्या शेवाळासारखा."

त्यांनी माझं बोलणं ध्वनिमुद्रित करून घेतलं. दिवसभर हवेत होतो. चौथीच्या पुस्तकातली आभाळाची कविता मोठ्याने म्हटली. एकाही ओळीवर अडखळलो नाही.

गुरुवार, ६

माझं बोलणं त्यांनी सगळ्यांना ऐकवलंय आणि रसिकांत जुंपली आहे. मला कल्पनाच नव्हती की माणसं अजून त्या प्लायवुडवरून भांडतात.

रसिकांचा एक म्होरक्या आहे. त्याला सगळे प्रमाणपंडित म्हणतात, कारण मालिकेत काय 'प्रमाण' धरायचं आणि काय नाही, याचा निवाडा तो देतो. त्याने आज फोन करून माझं डोकं खाल्लं.

"साहेब, पडद्यावर दिसलं तेच प्रमाण. भिंत राखाडी दिसली, तर राखाडी. तुमच्या रंगाच्या डब्यात काय होतं, याच्याशी अंतराळाचा काय संबंध?"

"अहो, पण मी तिथे होतो."

"तुम्ही स्टुडिओत होतात. चंडोलवर नव्हतात."

पुढे त्याने समजावलं, की याच यानावर पुढे निघालेल्या दुसऱ्या मालिकेत भिंत निळी आहे, तिसरीत पांढरी. या बदलांचा मेळ घालायला रसिकांनी सिद्धान्त मांडलेत. कुणी म्हणतं, यान मध्ये एका बंदरावर रंगवून घेतलं. कुणी म्हणतं, ताऱ्याच्या उजेडाप्रमाणे भिंतीचा धातू रंग पालटतो. नवव्या भागात कप्तानाचा व्रण डाव्या गालावरून उजव्या गालावर गेला, त्यावर तर म्हणे एक आख्खं प्रतिविश्व उभं आहे.

मी म्हटलं, "फिल्म उलटी लागली होती हो."

पलीकडे त्याने आवाज एकदम खाली आणला. मग तो म्हणाला, "हे कृपा करून कुठे बोलू नका."

हसून हसून पुरेवाट झाली. पण फोन ठेवताना तो जे म्हणाला ते मनात रुतून बसलंय. "निम्मे रसिक तुमच्या बाजूने आहेत, साहेब. शेवटचा साक्षीदार तुम्हीच. तुमची आठवण पक्की आहे ना, एवढंच सांगा."

पक्की आहे. धाकटी शिडीवर चढून भिंत रंगवत होती, हे आत्ता घडल्यासारखं दिसतं. मी खालून विचारलं, "हिरवा का गं?" ती ब्रश थांबवून माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "हिरवाच म्हणा, राखाडीराव. इथे सगळं आपलंच राज्य."

गोड पोरगी होती. सेटवरच्या वस्तूंच्या पाठी खडूने आकडे लिहून ठेवायची. एक आकड्याची उशी एक आकड्याच्या खुर्चीवर, दोनची दोनवर. मी म्हणायचो, "अगं, हे कशाला?" तर म्हणायची, "तुमची शोधाशोध वाचते." पुढे परदेशी गेली. तिकडेच वारली असं ऐकलं.

शनिवार, ८

आज मनाला बरं नाही.

लेकीने नवा फोन दिलाय. त्याच्या चार्जरला बारीक दिवा आहे. "बाबा, तांबडा हिरवा झाला की काढायचा," असं ती तीनदा बजावून गेली. मी समोर खुर्ची टाकून बसलो. दिवा काही बदलला नाही. संध्याकाळी ती आली तेव्हाही फोन लावलेलाच.

"बाबा, केव्हाचा हिरवा झालाय हा!"

"नाही गं. मी इथेच बसलो होतो."

तिने दिव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काही बोलली नाही. टोपलीतले टोमॅटो हातात घेऊन मात्र म्हणाली, "हेही सगळे कच्चे. आई गेल्यापासून तुमचं लक्षच नसतं कशात."

ही होती तेव्हा बाजार तिचा, कपडे तिचे. बाहेर जायचं असलं की माझा शर्ट, पँट, मोजे पलंगावर मांडलेले असायचे. मोज्यांना आतून दोऱ्याच्या गाठी घालायची तिला खोड होती. एका जोडाला एक गाठ, दुसऱ्याला दोन. मी चिडवायचो, "काय, मोज्यांची बारशी करतेस?" ती हसून विषय बदलायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली. ते मोजे विरले. लेकीने नवे आणलेत, त्यांना गाठी नाहीत. मीच बसून जोड्या लावून ठेवल्या. जुळणीत मला कोण शिकवणार?

लेक निघताना माझ्या पायांकडे पाहत क्षणभर उभी राहिली. तिचं हे न बोलणं मला ओळखीचं आहे. दादाच्या वेळी मी असाच गप्प राहायचो.

दादा माझा थोरला भाऊ. आपल्याच घरासमोर उभा राहून विचारायचा, "आपलं घर कुठलं रे?" सुरुवात अशाच बारीकसारीक गोष्टींनी झाली होती. शेवटी शेवटी त्याने मला "कोण आपण?" असं अदबीने विचारलं होतं.

आज झोपण्याआधी सातवीच्या कविता म्हणून पाहिल्या. नदीची, सैनिकाची, परतून न आलेल्या भावाची. सगळ्या आल्या. मग त्या पुन्हा पहिल्यापासून का म्हणतोय?

मंगळवार, ११

लिहावंसं वाटत नाही, पण लिहून ठेवलेलं बरं. उद्या आठवलं नाही तर?

कला-दिग्दर्शक बाईंनी स्टुडिओत बोलावलं होतं. लेक सोबत होती. आत शिरलो आणि जागीच थबकलो. नियंत्रणकक्ष उभा होता, अर्धवट, रंगाविना. तीच वळणदार भिंत, तीच खुर्ची, तेच गोल दार. लाकडाच्या भुशाचा तोच वास. माझे डोळे भरून आले. दाराची दोरी कुठे दिसते का म्हणून मी पाहिलंसुद्धा.

बाईंनी सगळ्यांना टेबलापाशी बोलावलं. सुतार, प्रकाशयोजनेचा माणूस आणि रसिकांचा प्रतिनिधी म्हणून आमंत्रण दिलेला तो प्रमाणपंडितही. आवाजावरून वाटला होता तसाच निघाला, चष्मा कपाळावर आणि भुवया त्याहून वर.

बाई म्हणाल्या, "आजोबा, एक आनंदाची गोष्ट. तुमच्या कप्तानाच्या घरच्यांकडे एक रंगीत फोटो सापडला. सेटवर काढलेला." त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला. कप्तान खुर्चीत बसून हसतोय आणि मागे आमची भिंत. स्वच्छ, लख्ख.

माझा जीव भांड्यात पडला. मी पंडिताच्या हातावर टाळी देत म्हणालो, "घ्या! दिसतेय की नाही हिरवीगार?"

कुणीच हसलं नाही. सुताराने मान खाली घातली. पंडिताने तोंड उघडलं आणि मिटलं.

लेक हळूच म्हणाली, "बाबा... ही गुलाबी आहे."

मी पुन्हा पाहिलं. भिंत जशी होती तशीच दिसत होती. मी म्हटलं, "तुम्ही सगळे मिळून थट्टा करताय का म्हाताऱ्याची?" आवाज चढला माझा. असा कधी चढत नाही. दादाचा चढायचा.

बाई तेवढ्या शांत होत्या. माझ्याशेजारी बसून म्हणाल्या, "आजोबा, एक विचारू? तुम्हाला याआधी कधी, म्हणजे लहानपणापासूनच—"

लेकीने त्यांना पुरतं बोलूही दिलं नाही. "वय झालंय त्यांचं. दमलेत ते. आम्ही निघतो." हाताला धरून ती मला बाहेर घेऊन आली. गाडीत रडत होती. मला दिसू नये म्हणून खिडकीकडे तोंड करून.

फोटो डोळ्यांसमोर होता, आणि पाच माणसांना जे दिसलं ते मला दिसलं नाही. विसरणं मी समजू शकतो. पण समोरचं न दिसणं? हे तर दादाच्याही पुढचं.

बुधवार, १२

पंडिताने रसिकांसाठी लिहिलंय. लेकीने लपवलं, पण मी शोधून वाचलं. वाईट लिहिलेलं नाही, तेच जास्त लागलं. "आपल्या लाडक्या साक्षीदाराची स्मृती आता थकली आहे. त्यांना त्रास देऊ नये. त्यांचं म्हणणं प्रमाण धरू नये."

मी प्रमाण राहिलो नाही. जाऊ दे, एका यानाची भिंत ती. पण मग बाकीचं? धाकटी शिडीवर होती हे खरं का? ही मोज्यांना गाठी घालायची ते? की तेही मीच मनाशी रंगवलंय? एक दोरा ओढला की सगळा स्वेटर उसवावा, तसं झालंय.

आज घरात जुनी युक्ती करून पाहिली. खोलीतून बाहेर जाण्याआधी खोलीचं पेन्सिलीने चित्र काढायचं, परत आल्यावर ताडून पाहायचं. पेला, चष्मा, खिडकीची दांडी, वर्तमानपत्राची घडी. सगळं जिथल्या तिथे. चारही खोल्या तपासल्या. एकही चूक सापडली नाही. आनंद व्हायला हवा होता. उलट भीती वाढली. चूक घरात नाही, तर उरलं कोण?

शाळेतले चित्रकलेचे मास्तर आठवले. माझं झाडाचं चित्र वर्गाला दाखवून म्हणाले होते, "या मुलाच्या झाडांना बारमाही पानगळ लागलेली आहे." वर्ग हसला. मला ते वाक्य काव्यमय वाटलं होतं. कवितांतल्या हिरव्या कुरणांचा आणि लाल फुलांचा एवढा सोहळा कशासाठी, हे मला खरं तर कधीच कळलं नाही. कवींना सवयच असते वाढवून सांगायची. निळ्या आभाळाच्या कविता मात्र माझ्या जिवाभावाच्या. तिथे कवी काय म्हणतो ते लगेच पटतं.

शुक्रवार, १४

लेकीने डॉक्टरांची वेळ घेतली आहे. सोमवारी. स्मृतीची तपासणी. ती म्हणते, "नुसतं बघून घेऊ, बाबा." त्यानंतर काय, ते आज कळलं. तिने मला ती संस्था दाखवायला नेलं. दादा जिथे होता तीच.

"मला रात्री झोप लागत नाही हो," ती वाटेत म्हणाली. "तुम्ही एकटे. उद्या औषधाच्या गोळ्यांत गोंधळ झाला म्हणजे? मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

तिचं चुकतं असं म्हणवत नाही. माझी लेक माझ्यासाठी झुरते आहे. म्हणून तर मी तिच्या मागोमाग आत गेलो.

संस्था स्वच्छ आहे. माणसं मायेची आहेत. तिथल्या ताई कौतुकाने सांगत होत्या, "आम्ही नंबर काढून टाकले. नंबर विसरतात हो. आता प्रत्येकाचं दार वेगळ्या रंगाचं. लाल दार, हिरवं दार, विटकरी दार. अगदी कुणीही चुकत नाही."

लेक म्हणाली, "किती छान कल्पना!"

मी त्या लांबलचक बोळात पाहिलं. दोन्ही बाजूंना दारं. सगळी सारखी. एक निळं तेवढं वेगळं. दादाला भेटायला यायचो तेव्हाही हेच व्हायचं. "त्यांचं दार लाल," असं सांगायचे आणि मी परक्याच दारांवर टकटक करत हिंडायचो. तेव्हा वाटायचं, नवखा आहे म्हणून चुकतो. म्हणजे तेव्हापासूनच? बारा वर्षांपासून माझं डोकं पोखरलं जातंय आणि मला पत्ता नाही?

"तुमच्यासाठी हे विटकरी ठेवता येईल, आजोबा," ताई म्हणाल्या आणि बोट दाखवलं. मी मान डोलावली. कुठल्या दाराकडे बोट होतं ते पाठ फिरताच सांगता आलं नसतं.

इथे मी हरवेन. स्वतःच्या खोलीच्या बाहेर उभा राहून विचारेन, आपलं घर कुठलं? आणि ते अदबीने सांगतील, विटकरी.

शनिवार, १५

कला-दिग्दर्शक बाईंचे फोन येताहेत. उचलत नाही. आणखी एक फोटो, आणखी एक शांतता सोसायची ताकद नाही. वाजून वाजून बंद होतो. मग मी श्वास सोडतो.

आभाळाची कविता म्हणताना आज तिसऱ्या कडव्यापाशी अडखळलो. पुन्हा पहिल्यापासून म्हटली तेव्हा आली. पण अडखळलो हे खरं.

रविवार, १६

उद्या डॉक्टर. लेक दुपारी येऊन मला तिच्याकडे नेणार. सकाळीच अंघोळ उरकली, इस्त्रीचा शर्ट घातला, मोजे चढवले आणि टेबलाशी येऊन बसलोय. पिशवी भरून ठेवली आहे. हिचा फोटो त्यात घालावा की भिंतीवर राहू द्यावा, हे ठरत नाही. परत यायचं असेल तर राहू द्यावा.

उद्याची तयारी म्हणून मनाशी उजळणी चालली आहे. वार, महिना, लेकीची जन्मतारीख, शाळेचं नाव. डॉक्टरांनी कविता विचारल्या तर बरं होईल. त्यांनी रंग विचारू नयेत.

फुस्स्... टक्.

लेखणी खाली ठेवली होती. पुन्हा उचलली. हे नीट लिहून ठेवायला हवं. आवाज आत्ता आला. स्वप्नात नव्हे, मी जागा आहे. दादालाही शेवटी आवाज ऐकू यायचे.

पुन्हा आला. दारापलीकडून आला. आता तर माणसाचा आवाजही येतोय. "राखाडीराव, दोरी ओढा की!"

उघडून पाहतो.

ती आत हात धुतेय. तेवढ्यात लिहितो, म्हणजे नंतर कुणी खोटं ठरवायला नको.

दारात धाकटी उभी होती. केस पांढरेशुभ्र, पाठीला बाक, पण डोळे शिडीवरचेच. तोंडाने फुस्स् करत होती आणि दारावर मूठ आपटत होती. मला पाहिलं तरी तिने ते आणखी एकदा केलं, शॉट नीट झाला नसल्यासारखं.

"तू गेलीस असं ऐकलं होतं," मी म्हणालो.

"मीही तुमच्याबद्दल तेच ऐकलं होतं. फिट्टंफाट! त्या कला-दिग्दर्शक बाईंनी शोधून काढलं मला. तुम्ही फोन उचलत नाही म्हणे."

माझा बांध फुटला. चौकटीला धरून म्हणालो, "धाकटे, माझं डोकं चाललंय गं. ती भिंत मला हिरवी आठवते. फोटोतही हिरवीच दिसते. उद्या डॉक्टर आहे."

ती हसली, पण त्या हसण्याने दुखलं नाही.

"भिंत गुलाबीच होती. मीच रंगवली. आणि तुमच्या डोक्याला काहीही झालेलं नाही. तेव्हा तुम्हाला जसं दिसायचं, तसंच आता दिसतंय, एवढंच. उद्या मी येते तुमच्याबरोबर, सांगते त्या डॉक्टरला. आधी मला आत तर घ्या!"

मी बाजूला झालो. उंबऱ्याशी चपला काढायला ती वाकली आणि वाकलेलीच राहिली. माझ्या पायांकडे पाहत होती. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं.

"एक हिरवा, एक तपकिरी," ती पुटपुटली. मग मान वर करून फार मायेने विचारलं, "वहिनी गेल्या, नाही का?"

हिच्याबद्दल मी अजून अवाक्षरही काढलं नव्हतं. मी खाली पाहिलं. दोन्ही मोजे अगदी एकसारखे होते.